बारवेच्या पायरीवर बसवलेली बाई

जालना

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी जालना जिल्ह्यात जाऊन आले. गेले होते कामासाठी. परतीच्या गाडीत बसले तेव्हा यादीतली निम्मी कामं तशीच राहिली होती. माझ्या बाबतीत असं होत नाही. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, पन्नाशी ओलांडली आहे आणि यादी केल्याशिवाय भाजी आणायलाही घराबाहेर पडत नाही. ज्या कामाचा यादीत उल्लेखच नव्हता त्याच कामात सगळा आठवडा गेला, म्हणून ही हकीकत लिहून ठेवते आहे. प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, फीत कापली गेली, भाषणं झाली. त्यातलं काही इथे सांगणार नाही.

जालन्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला आपल्या ग्रंथालयात सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचा एक कोपरा मांडायचा होता. जिल्ह्यात आयुष्यभर नोकरी केलेल्या एका डॉक्टरांच्या मुलांनी, वडील गेल्यावर, त्यांची पुस्तकं आणि कागदपत्रं ग्रंथालयाला देऊन टाकली होती. ती निवडायची, लावायची, काही भिंतीवर चढवायची आणि आरोग्य सप्ताह सुरू व्हायच्या आत सगळं तयार ठेवायचं, हे माझं काम.

स्टेशनवर घ्यायला डॉ. नसरीन आल्या होत्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रोगप्रतिबंध शिकवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. चाळिशीच्या, माझ्यापेक्षाही भरभर चालणाऱ्या. मला सहसा इतरांसाठी थांबावं लागतं. इथे मीच धापा टाकत मागून चालले होते.

"आधी सुशीला खाऊ, मग काम," त्या म्हणाल्या.

सुशीला म्हणजे भिजवून फोडणीला घातलेले मुरमुरे, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. आमच्याकडे सकाळी मिसळ खाऊन माणूस दुपारपर्यंत सुस्त होतो. सुशीला खाऊन लगेच उठावंसं वाटतं. मला ती आवडली. टपरीवाल्यानं पैसे देताना दोन मोसंबी हातात ठेवली. इथे मोसंबी अशीच, बोलता बोलता हातात येतात.

ग्रंथालयात खोकी उघडली आणि माझे हात थांबेनात. देवीच्या लशीची पत्रकं होती, कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण होते, हागवण झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजणारी आई होती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, असं सांगणारं मोठं चित्र होतं. त्यातल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू कुणीतरी नंतर लाल पेनानं रंगवलं होतं. संध्याकाळपर्यंत मी सगळ्याचे ढीग लावले. मग एका लिफाफ्यातून तो फोटो निघाला.

काळा-पांढरा. दगडी बारवेच्या पायरीवर विशीतली एक बाई बसलेली. उजवा पाय पुढे घेतलेला. घोट्याजवळ जखम, जखमेतून निघालेला पांढरा दोरा एका काडीवर गुंडाळलेला. तो दोरा म्हणजे नारू. तरुण वाचकांना हे नाव माहीत नसेल, म्हणून सांगते. नारूची सूक्ष्म पिल्लं असलेलं पाणी माणूस प्यायचा, आणि साधारण वर्षानं पायातून हातभर लांबीचा किडा बाहेर यायचा. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागे. घाईनं ओढला आणि तुटला की पाय सडायचा. नारूवाल्या माणसानं पाण्यात पाय घातला की त्याची पिल्लं पाण्यात उतरायची आणि तेच पाणी गाव प्यायचं. आपल्या देशातून हा रोग पुरता गेला आहे. त्यासाठी नवी लस शोधावी लागली नाही. माणसांना पाणी गाळायला शिकवलं आणि पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद केलं.

"हाच मधोमध लावायचा," नसरीन म्हणाल्या. "पूर्ण भिंतीएवढा करून."

"तिचा चेहरा दिसतो आहे."

"म्हणून तर. एवढा साफ फोटो मी पुस्तकातसुद्धा पाहिला नाही."

"तिला विचारलं आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, चाळीस वर्षं झाली असतील. मागे नाव नाही, गाव नाही. कुणाला विचारणार?"

आमच्या ग्रंथालयात नियम आहे: जिवंत माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय भिंतीवर जात नाही. ती जिवंत नसेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री पंख्याच्या घरघरीत झोप आली नाही. बाई कॅमेऱ्याकडे पाहत होती, पण तिचा चेहरा नुसता कळ सोसणाऱ्या माणसाचा नव्हता. ती काहीतरी बोलायच्या बेतात होती, आणि ते काय हे मला कळत नव्हतं. सकाळी मी नसरीनना म्हटलं, गाडी द्या.

डॉक्टरांची नोकरी तीन ठिकाणी झाली होती: आधी राजूरच्या बाजूला, मग तीर्थपुरीला, शेवटी मंठ्याला. फोटोत बाईच्या मागे एक देवळी दिसत होती, तिच्यात हत्तींची जोडी कोरलेली, एका हत्तीची सोंड तुटलेली. मी मोबाइलवर फक्त त्या देवळीचा तुकडा कापून घेतला. बाईचा पाय गावोगाव दाखवत फिरायचं नव्हतं.

राजूर

मी पंचांग पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला निघालेल्या गाड्यांमध्ये आमची जीप अशी अडकली की मी उतरून पायीच निघाले. भोकरदनकडून आलेली माणसं, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, पेढ्यांची दुकानं, आणि सगळ्यांच्या मधून मी मोबाइल पुढे धरून हत्ती विचारत चाललेली.

एका प्रसादवाल्यानं फोटो नीट निरखला. "म्याडम, हत्तीचं तोंड पाह्यचं असन तं आत जा की. दुसरा कोण बसून राह्यला तिथं?"

शेजारचा नारळवाला हसून हसून खाली बसला. मीही हसले, पण जागची हलले नाही. तेव्हा त्यानं खरं सांगितलं: अशी बारव या बाजूला त्याच्या पाहण्यात नाही, आणि तो सगळी गावं फिरलेला आहे.

इतक्या जवळ आलेच होते म्हणून दर्शन घेतलं. बाहेर आले तर माझ्या चपला गेलेल्या, त्यांच्या जागी पुरुषी मोठ्या वहाणा. नाशिकला देवळात चपला टोकन घेऊन ठेवतात. इथे विश्वासावर ठेवतात, आणि बहुतेक वेळा विश्वास टिकतो. माझा टिकला नाही. त्या वहाणा फटक फटक वाजवत मी गाडीपर्यंत आले. ड्रायव्हरनं फक्त आरसा वळवून घेतला.

तीर्थपुरी

तीर्थपुरीला दोन माणसं मला एका बारवेवर घेऊन गेली. तिथे देवळी होती, हत्ती नव्हते. एवढ्यात माझ्याभोवती बायका जमल्या. माझ्या हातात वही, गळ्यात चष्मा, बरोबर सरकारी दिसणारी जीप. त्यांनी मला पाणीवाली ठरवून टाकलं.

"तुम्ही पाण्याच्या हापिसातून आल्या का?"

"नाही, मी लायब्ररीतून आले आहे."

"मंग नळाचं कोण बघतं?"

"ते मला माहीत नाही, बाई."

"माहीत नसू द्या. लिहून तं घ्या."

मी लिहून घेतलं. कुणाच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं, कुणाच्या येतच नाही, कुणाचा नळ दिरानं आपल्या अंगणात वळवला आहे. नीट क्रमांक घालून तो कागद ग्रामपंचायतीत देऊन आले. तिथला माणूस कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला. त्याला वाटलं असावं, आता लायब्ररीवालेसुद्धा यायला लागले.

त्याच बायकांपैकी एकीनं जेवायला थांबवून घेतलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाजून दळलेल्या डाळी आणि मसाल्याचं हे येसर घरात असलं की भाजी नसली तरी पाहुणा उपाशी जात नाही. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात. इथे न विचारता वाढतात आणि मग तुमच्याकडे रागानं बघतात. मी दोन घासांमध्ये वही उघडत होते. शेवटी घरातल्या आजोबांनी सुनावलं, "बाई, आधी जेवण करा. बारव कुठं पळून राह्यली?"

मी नारूचं विचारलं. त्यांनी धोतर वर करून नडगीवरचा वण दाखवला, एखादं बक्षीस दाखवावं तसा. "भारी आग व्हायची. पाण्यात पाय टाकला का थंडगार वाटायचं. मंग कोण कुणाचं ऐकतो? जो तो पाय सोडून बसायचा."

मी ते लिहून घेतलं. ते किती महत्त्वाचं होतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

मंठा

मंठ्याला आठवडी बाजार होता. तूर, हरभरा, मिरच्या, शेळ्या, प्लास्टिकच्या बादल्या. मी ठरवलं, ज्यांचा फिरतीचा धंदा आहे अशांनाच विचारायचं. तिसऱ्या प्रयत्नात बांगड्या विकणारी एक धिप्पाड कासारीण भेटली. तिनं मोबाइल हातात घेतला आणि ओरडलीच.

"ह्ये तं माझ्या माहेरची बारव! त्या सोंडंवर मी लहानपणी बसायची. माझ्याच वजनानं तुटली म्हणतेत."

मी तिच्याकडून एक डझन बांगड्या घेतल्या, रस्ता विचारला आणि तिचे पुढचे विनोद न ऐकता निघाले. तिचं माहेर मंठ्यापासून फार लांब नाही. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. फोटोतल्या बाईचं नाव मात्र तिच्याच सांगण्यावरून खरं लिहिलं आहे.

वाटेत शेतांच्या बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. पळस फुलले होते आणि बाकी सगळं पिवळं पडत चाललं होतं. मी एरवी थांबून पाहिलं असतं. ड्रायव्हरला म्हटलं, चला.

गावाच्या तोंडाशी एका घरासमोर सत्तरीची एक बाई तूर पाखडत होती. डोक्यावरून पदर, सुपाचा हात पक्का. मी सांगितलं, चाळीसेक वर्षांपूर्वी इथे एक डॉक्टर यायचे, बारवेवर त्यांनी एका बाईचा फोटो काढला होता.

सूप थांबलं. "नारूवालीचा?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"वळखायचं काय त्यात. माझी जाऊ हाय. त्यो काय वाडगा, शेळ्या बांधल्यात तिथं." आणि मी वळले तेव्हा मागून म्हणाली, "तिच्या घरचं पाणी तेवढं पिऊ नका."

ही द्वारकाबाई. धाकटी जाऊ गयाबाई. घर एकच, मेंढरं राखणाऱ्यांचं, पुढे शेती केलेलं. दोघींच्या मधे एक भिंत आणि एक बोळ.

गयाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. फोटोतला चेहरा मी लगेच ओळखला. गाल बसले होते, पण तोंडावर बोलायच्या बेतातला तोच भाव होता. तिनं काही न विचारता तांब्याभर पाणी आणलं. मी प्यायले.

"वाटंत कोणी सांगितलं न्हाई का, इथलं पाणी पिऊ नका म्हणून?"

"सांगितलं."

"मंग?"

"तहान लागली होती."

ती मोठ्यानं हसली. मग मी फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"किती वाळले व्हते मी," ती म्हणाली. मग फोटोतल्या पायावर बोट ठेवलं. "बाई, मी तिथं आपल्या मनानं बसले न्हाई. डाक्टर घरी आल्ता. ओट्यावर पाय बघितला, काडी बांधली, म्हणला पाण्याजवळ जायचं न्हाई. मंग क्यामेरा काढला. म्हणला, इथं उजेड न्हाई, बारवेत चल. मागं हत्ती येतो, फोटू चांगला निघतो. मी म्हणलं, सायब, तुम्हीच आत्ता सांगितलं पाण्याजवळ जाऊ नको. तं म्हणला, मी हाय ना संगं."

"पाण्यात पाय गेला होता का?"

"बिलकुल न्हाई!" शेळ्या दचकल्या. "तीन पायऱ्या वर बसले व्हते. पण साऱ्या गावानं मला बारवेत बसलेलं पाह्यलं. पाय कोरडा व्हता, ते कोणी पाह्यलं न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात गावात घरोघर नारू निघाला. द्वारकाबाईच्या अंकुशला, चार-पाच वर्षांच्या पोराला, निघाला. कुणीतरी तो ओढून काढला, तुटला, पाय सडला, आणि गुडघा कायमचा आखडला. अंकुश आता पन्नाशीकडे आला आहे, आजही लंगडतो. त्या उन्हाळ्यात गाव म्हणालं, हिनं पाय घातला.

"डाक्टरचं बोलणं लोकानी पकडून ठेवलं, बाई. नारूवालीनं पाण्याजवळ जायचं न्हाई. नारू निघून गेला, पाय बरा झाला, पण मी नारूवालीच ऱ्हायले. बारवेच्या वर हंडा घेऊन उभी राहायची. कोणी भरून दिला तं दिला, न्हाईतं नदी. माझी पोरं जावेच्या घरी जेवली न्हाईत. आता नळ आला, पण ती अजून रांजणावर झाकण ठेवती, मी आले का."

माझ्या पिशवीत भिंग असतं. मी फोटोवर धरलं. इतके दिवस मी काडी पाहिली होती, चेहरा पाहिला होता, हत्ती पाहिले होते. पाणी कुठे आहे, हे पाहिलंच नव्हतं. तिच्या पायाखालची पायरी कोरडी होती. तिच्या खालच्या दोन पायऱ्याही कोरड्या होत्या. पाणी त्याच्याही खाली होतं.

मी तिला सांगितलं कशासाठी आले ते. कॉलेजात फोटो लावायचा आहे, तिची परवानगी हवी आहे.

"जालन्याला? तिथं कोण हाय माझ्या वळखीचं? तिथल्या कोणी माझ्यावर आळ घेतला?" तिनं फोटो परत दिला. "आधी इथं लावा. बारवेवर. पाय कुठं हाय अन् पाणी कुठं हाय, पाहू द्या साऱ्यांना. मंग तुमच्या कालेजाचं सांगते."

पुन्हा जालना

नसरीनना मी सगळं उभ्यानंच सांगितलं. बसवत नव्हतं. उद्घाटन तोंडावर आलं होतं, मधली भिंत रिकामी होती, नाशिकहून आणलेले फलक अजून खोक्यात होते.

"गावात लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"मोठा करायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, बारवेच्या कठड्याला बांधायचा."

"आणि इथे लावला तर खाली काय लिहायचं? डॉक्टरसाहेबांनी चूक केली? त्यांची मुलं पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांनीच हे सगळं दिलं आहे."

मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. खोक्यातून दिसणारा तो डॉक्टर चांगला माणूस होता. खेड्यापाड्यांत हिंडला होता. पाणी गाळायला त्यानं शेकडो बायकांना शिकवलं असेल. आणि त्यानंच एका बाईला, चित्र चांगलं यावं म्हणून, नको त्या जागी बसवलं होतं. रोग समजावून सांगायला काढलेल्या फोटोनं रोगाचा नियम मोडला, आणि तो मोडल्याचा दंड बाईनं भरला.

नसरीन खिडकीशी गेल्या, परत आल्या. "तिच्या पायात निघाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्यांना?"

"हो."

"मग तिला कुठून झाला, हे गावानं कधी विचारलं?"

मीही विचारलं नव्हतं.

"नारूला वर्ष लागतं, हे त्यांना कुणी समजावलंच नसणार," त्या म्हणाल्या. "फोटो छापायला टाका, दोन प्रती. मी येते. पोरांनाही आणते. नाहीतरी डेंग्यूसाठी पाण्याची भांडी झाकायचं सांगायला जायचंच आहे कुठेतरी."

बारव

बारवेला आता लोखंडी कठडा आहे. तळाशी हिरवं पाणी, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या. हत्ती मात्र तसेच आहेत. फोटो आम्ही कठड्याला सुतळीनं बांधला. वारा त्याला सारखा हलवत होता आणि मी सारखी गाठी आवळत होते.

विद्यार्थ्यांनी टाकी कशी घासायची ते करून दाखवलं. बायका जमल्या, काही पुरुष मागे उभे राहिले. गयाबाई फोटोच्या शेजारी उभी राहिली, हात कमरेवर. द्वारकाबाई आली, पण लांब, लिंबाच्या सावलीत बसली. अंकुश मोटारसायकलवर आला आणि एक पाय आखडलेला ठेवून गाडीलाच टेकून उभा राहिला.

नसरीननी फोटोवर बोट ठेवून पाय दाखवला, पायऱ्या दाखवल्या, पाणी दाखवलं. एकीनं पुढे येऊन पायऱ्यांवर बोट फिरवलं आणि खऱ्या बारवेत वाकून त्या पुन्हा मोजल्या. मग नसरीन म्हणाल्या, "अजून एक ऐका. नारू आज पाण्यातून पोटात गेला की उद्या निघत नाही. वर्ष लागतं."

"म्हंजे?" मागून कुणी विचारलं.

"म्हणजे गयाबाईंच्या पायात निघाला तो आदल्या वर्षीच्या पाण्यातला. याच बारवेच्या. त्यांच्या आधीच तो पाण्यात होता. कुणाच्या तरी पायातून उतरला होता."

"कोणाच्या?"

"ते मला कसं माहीत? मी तेव्हा पाळण्यात होते. तुम्हाला माहीत असेल."

म्हाताऱ्या बायका जमिनीकडे पाहत होत्या. न आठवणारी माणसं अशी पाहत नाहीत, एवढं मलाही कळलं. मला वाटलं, आता आवरावं, गाडीकडे जावं. मी सुतळी सोडायला हात घातला.

"मामाला व्हता."

द्वारकाबाई उठून उभी राहिली होती. मामा म्हणजे दोघींचे सासरे.

"दोन्ही पायाला व्हता, दोन-तीन उन्हाळे. रोज सांजच्याला ह्याच पायऱ्यांवर यायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे. आग व्हायची त्यांची. आम्ही दोघी हंडे घेऊन वर उभ्या राहायचो, ते उठेस्तोवर. ते उठले का त्येच पाणी भरायचो."

"आता कशाला म्हाताऱ्याचं नाव काढती?" गयाबाई म्हणाली.

"तुला ठाव व्हतं?"

"तुला न्हवतं?"

द्वारकाबाई जवळ आली. "मंग बोलली काऊन न्हाई इतकी वर्षं?"

"कोणापाशी बोलू? मामापाशी, का पाय काढा म्हणून? तू म्हणली असती? अन् तुझ्यापाशी बोलू, तं अंकुशाचा पाय मांडीवर घेऊन तू भुईवर बसलेली. तुला कोणीतरी पाह्यजेच व्हतं शिव्या द्यायला. मामाला देता येत न्हवत्या."

द्वारकाबाई फोटोपुढे गेली. पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं फोटोवरची धूळ पुसली, आणि वाकून पायरीकडे पाहत राहिली. अंकुशनं गाडीची किल्ली खिशातून काढली, परत खिशात ठेवली, आणि तिथंच थांबला.

मी गयाबाईला हळूच विचारलं, "आणि कॉलेजात?"

"लावा की. पण खाली लिहा, बाईला पायरीवर डाक्टरनं बसविल्तं. अन् पाय कोरडा हाय."

मी नसरीनकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसणारी मुलं त्यांनाही आठवली असणार. "लिहू," त्या म्हणाल्या. "असंच लिहू."

मी फोटो सोडवला आणि गुंडाळायला कापड काढलं. गयाबाईनं हात पुढे करून मला थांबवलं.

"त्यो न्यायचा न्हाई. त्यो हिला द्या."

"मला?" द्वारकाबाई म्हणाली. "मी काय करू तुझ्या तंगड्याचं?"

"घरात लाव. मामाच्या फोटूला रोज हार घालती ना? त्याच्या बाजूला लाव."

बायकांनी तोंडाला पदर लावले. द्वारकाबाई आधी जावेकडे, मग फोटोकडे पाहत राहिली. मग तिनं तो पुठ्ठा उचलून काखेत मारला.

"खिळा न्हाई घरात," ती म्हणाली.

खिळे माझ्या पिशवीत होते. मी एक काढून दिला.

"दोन द्या, बाई," गयाबाई म्हणाली. "एकावर राहायचा न्हाई."